डिस्चार्जच्या कागदावरचा अकरावा रकाना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी असते की आपल्याकडचा अमुक मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेच्या सैन्यात भरती झाली, युनिफॉर्ममधला फोटो, शेजारी आईवडील, खाली चार ओळी. वाचून खरंच बरं वाटतं, कारण मी पण त्याच वाटेनं गेलेला आहे. पण भरतीची बातमी येते तशी सुटायची येत नाही आणि खरा घोळ होतो तो सुटायच्या दिवशी, एका कागदावर, त्या कागदाबद्दल मराठीत कोणी काही लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

आधी माझं सांगतो. आईवडिलांबरोबर मी ग्रीन कार्डवर अमेरिकेत आलो. ग्रीन कार्डवाल्याला तिथल्या सैन्यात शिपाई म्हणून भरती होता येतं, ऑफिसर व्हायचं तर नागरिक असावं लागतं. मे २००४ मध्ये मी आर्मीत गेलो. जुलै २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आदेश काढला होता, ११ सप्टेंबर २००१ नंतर ड्युटीवर असलेल्यांना नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षं थांबायला लागू नये म्हणून, त्यामुळे मला नोकरीत असतानाच नागरिकत्व मिळालं. जून २०१० मध्ये सन्मानाने डिस्चार्ज मिळाला. एकूण सहा वर्षं एक महिना.

आता मुद्द्याचं. अमेरिकन आर्मीत प्रत्येक सैनिकाला त्याच्या कामाचा एक कोड असतो, त्याला एमओएस म्हणतात. हुद्दा वेगळा आणि हे वेगळं. आपल्याकडे फौजेत ट्रेड म्हणतात ना, तसंच. ११बी म्हणजे पायदळ, ६८डब्ल्यू म्हणजे लढाईतला मेडिक, ९२जी म्हणजे स्वयंपाकघर. मी भरती झालो ९२वाय म्हणून, म्हणजे युनिटचा सप्लायवाला, स्टोअर सांभाळायचं, सामान मोजायचं, सह्या घ्यायच्या. दोन वर्षं ते केलं. मग २००६ मध्ये ड्रायव्हर कमी पडत होते आणि मला कामाचा प्रकार बदलायची संधी मिळाली, मी हो म्हटलं, मिझुरी राज्यात फोर्ट लिओनार्ड वूडला ट्रेनिंगला गेलो आणि ८८एम झालो. मोटर ट्रान्सपोर्ट ऑपरेटर. सरळ भाषेत ट्रक ड्रायव्हर.

त्यानंतर सुटेपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. २००७ मध्ये आम्ही इराकसाठी गेलो, त्याच वर्षी एप्रिलमध्ये आर्मीने तिथली ड्युटी बारा महिन्यांवरून पंधरा महिने केली होती, ते पंधराच्या पंधरा महिने मी काढले. कुवेतमधून माल भरायचा आणि रात्री निघायचं, ज्याला सगळे एमएसआर टॅम्पा म्हणायचे त्या मोठ्या हायवेनं उत्तरेला. चिलखती दारं असलेला ट्रकचा पुढचा भाग, मागे ट्रेलर, काचा बंद, एका कानात रेडिओ आणि दुसऱ्या कानात इंजिन, रात्रभर. पुढच्या गाडीचा मागचा छोटा दिवा बघत चालवायचं, अंतर कमी करायचं नाही आणि वाढूही द्यायचं नाही. रस्त्याच्या कडेला कचऱ्याची पिशवी दिसली की अंग आवळून घ्यायचं. माझ्या पुढे दोन गाड्या सोडून एकदा स्फोट झाला, त्यानंतर तीन दिवस मला नीट ऐकू येत नव्हतं. याच्यावर जास्त लिहीत नाही, हे पत्र त्याबद्दल नाहीये.

सुटताना जो कागद मिळतो त्याला डीडी २१४ म्हणतात. १९५० पासून हा फॉर्म चालू आहे. तिकडे माजी सैनिकाचं सगळं आयुष्य ह्या एका कागदावर चालतं, घराचं कर्ज, शिक्षणाची मदत, सरकारी नोकरीतला प्राधान्यक्रम, दवाखाना, आणि मेल्यावर सरकारी दफनभूमीत जागा आणि शवपेटीवर घालायचा झेंडा सुद्धा. त्यात अकरावा रकाना असतो कामाचा, म्हणजे कोणता एमओएस किती वर्षं किती महिने केला. आर्मीचा नियम असा आहे की एक वर्ष किंवा जास्त केलेलं प्रत्येक काम तिथे आलं पाहिजे.

माझ्या अकराव्या रकान्यात लिहिलंय ९२वाय, युनिट सप्लाय स्पेशालिस्ट, सहा वर्षं एक महिना. बस. ८८एमचा उल्लेखच नाही.

आणि गंमत नाही, वाईट ह्याचं वाटतं की त्याच कागदावर तेराव्या रकान्यात, जिथे पदकं आणि बिल्ले असतात, तिथे ड्रायव्हरचा बिल्ला लिहिलाय. चौदाव्यात, जिथे ट्रेनिंग असतं, तिथे मोटर ट्रान्सपोर्टचा कोर्स महिन्यासकट लिहिलाय. म्हणजे कागद एका ठिकाणी म्हणतो ह्याला ड्रायव्हिंग शिकवलं, दुसऱ्या ठिकाणी म्हणतो ड्रायव्हिंगचा बिल्ला दिला, आणि जिथे हा माणूस काय काम करत होता ते लिहायचं तिथे म्हणतो सहा वर्षं गोडाऊनमध्ये होता.

असं कसं झालं ते नंतर कळलं. डीडी २१४ भरणारा क्लार्क तुम्हाला विचारून भरत नाही, कंप्युटरवर तुमची जी एक पानी माहिती असते ती बघून भरतो. माझा कामाचा प्रकार बदलल्याची ऑर्डर निघाली होती पण त्या पानावर प्रायमरीच्या, म्हणजे मुख्य कामाच्या, जागी जुनाच कोड राहिला. मला शेवटच्या आठवड्यात एक कच्ची प्रत दाखवली होती. मी नाव बघितलं, सोशल सिक्युरिटी नंबर बघितला, तारखा बघितल्या, डिस्चार्ज ऑनरेबल आहे ना बघितलं आणि सही केली. दुसऱ्या दिवशी घरी जायचं विमान होतं. माझ्या मागे रांगेत पंधरावीस जण होते. त्या लष्करी तळाचं नाव लिहीत नाही, कारण तो क्लार्क पण माझ्याच वयाचा एक पोरगा होता आणि तो दिवसाला किती कागद काढत असेल कोण जाणे. पण सही माझी आहे आणि ती सही पुढे मला किती महागात पडली ते वाचा.

पहिला दणका नोकरीला. मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गेलो, त्यांनी डीडी २१४ मागितला, बाईंनी वाचला आणि शांतपणे विचारलं की तुम्ही ट्रक चालवलात असं ह्यात कुठे लिहिलंय. मी बिल्ला दाखवला, कोर्स दाखवला, त्या म्हणाल्या की कोर्स केला म्हणजे काम केलं असं नाही ना. त्यांचंही बरोबरच होतं. मी पैसे भरून कमर्शियल लायसन्सची टेस्ट दिली, पास झालो, विषय संपला असं समजलो. हे २०१० सालचं. म्हणजे चूक मला तेव्हाच कळली होती आणि तेव्हाच अर्ज करायला पाहिजे होता, पण मला नोकरी लागली होती आणि एका रकान्यासाठी कोण भांडत बसणार असं वाटलं.

दुसरा दणका कानाचा. माझ्या दोन्ही कानात सतत शिट्टी वाजते, रात्री जास्त. त्याला टिनिटस म्हणतात आणि माजी सैनिकांमध्ये हा त्रास सगळ्यात कॉमन आहे. त्यासाठी सरकारकडे भरपाईचा क्लेम केला की एक यादी बघितली जाते, प्रत्येक एमओएसपुढे मोठ्या आवाजात काम करायची शक्यता किती, जास्त, मध्यम का कमी. तुमच्या अकराव्या रकान्यात जे असेल ते त्या यादीत शोधतात. म्हणजे माझ्या कानांचा हिशोब सप्लायवाल्याचा होणार, ट्रकवाल्याचा नाही. मी निकाल देणाऱ्याला दोष देत नाही, त्याच्यासमोर कागद ठेवला तो माझ्याच सहीचा. पण पंधरा महिने ज्या इंजिनाशेजारी बसलो ते इंजिन सरकारी दफ्तरात नाहीच, हे मला सहन होत नाही.

आणि खरं सांगायचं तर पैसे बाजूला ठेवले तरी मला ते काम तिथे लिहिलेलं पाहिजे. ज्यांच्याबरोबर मी गाडी चालवली त्यातले सगळे परत आले नाहीत. त्यांच्या कागदावर ८८एम आहे. माझ्या कागदावरही तेच पाहिजे, कारण तेच खरं आहे.

तर दुरुस्तीसाठी मी काय केलं. साधी टायपिंगची चूक किंवा राहून गेलेली नोंद असेल तर आर्मीचं रेकॉर्ड सांभाळणारं ऑफिस स्वतःच दुरुस्ती करून देतं, त्या दुरुस्तीच्या कागदाला डीडी २१५ म्हणतात. जुना २१४ बदलत नाहीत, २१५ त्याला जोडतात. मी पत्र लिहिलं, सोबत २१४ची कॉपी जोडली. उत्तर आलं की फाइलमध्ये ८८एम दिल्याची ऑर्डर नाही, ऑर्डर असेल तर पाठवा. माझ्याकडे नव्हती. बदल्या, बॅरॅक, घर शिफ्टिंग, कुठे गेली माहीत नाही. तिथेच मी हात टेकले आणि बरीच वर्षं गेली.

मग रात्री झोप येत नाही म्हणून मी दुसऱ्या लोकांच्या केसेस वाचायला लागलो. लष्करी रेकॉर्डमधल्या चुका दुरुस्त करणारी बोर्डं असतात, त्यांचे निकाल नावं काढून इंटरनेटवर ठेवलेले असतात, कोणालाही वाचता येतात. मी खूप वाचले. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आणि माझ्यासारख्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी, की तुम्ही काय काम केलं हा एक प्रश्न आणि तुम्हाला तो एमओएस रीतसर दिला होता का हा वेगळा प्रश्न. व्हिएतनामला गेलेले कितीतरी लोक लिहितात की मला क्लार्क म्हणून पाठवलं, नाहीतर स्वयंपाकी म्हणून, पण तिथे माणसं कमी होती म्हणून हातात रायफल दिली आणि वर्षभर पायदळाबरोबर गस्तीला पाठवलं, तर माझं काम पायदळ असं करा. त्यांचं म्हणणं खोटं आहे असं बोर्ड म्हणत नाही. बोर्ड म्हणतं की तो कोड दिल्याची ऑर्डर दाखवा. ऑर्डर नसेल तर बहुतेक वेळा नाही म्हणतात. आणि पायदळाचा जो निळा बिल्ला आहे, कॉम्बॅट इन्फन्ट्रीमन बॅज, तो मिळायला बहुतेक वेळा पायदळाचा एमओएसच लागतो, म्हणून हे लोक सत्तरी ओलांडल्यावरही त्या एका रकान्यासाठी अर्ज करत राहतात. मला ते वाचताना फार त्रास व्हायचा. इतर कामाच्या लोकांनी शत्रूचा मारा झेलला तर त्यांच्यासाठी वेगळा बिल्ला २००५ मध्ये आला, पण तो १८ सप्टेंबर २००१ पासूनच्या लढायांपुरता, म्हणजे व्हिएतनामवाल्यांना त्याचा उपयोग नाही.

त्याहून जुन्या लोकांचं तर विचारूच नका. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागली, त्यात १९१२ ते १९६० ह्या काळात सुटलेल्या आर्मीवाल्यांच्या साधारण ८० टक्के फाइली गेल्या. एकूण दीड कोटीच्या वर फाइली. डुप्लिकेट नव्हत्या. ज्याच्या घरी स्वतःची प्रत होती तो वाचला.

आणखी एक फसवं प्रकरण, कोड बदलतात. ९१बी म्हणजे पूर्वी मेडिक, नंतर त्याचं ९१डब्ल्यू झालं, २००६ मध्ये ६८डब्ल्यू झालं आणि ९१बी पुढे गाड्यांच्या मेकॅनिकला दिला. आता जुन्या मेडिकचा कागद नवीन पोरानं वाचला तर त्याला वाटणार हा गॅरेजमध्ये होता. म्हणून नुसता कोड बघू नका, शेजारी नाव पण पूर्ण लिहिलंय का बघा.

माझी ऑर्डर सापडली ती आईमुळे. आईला इंग्रजी फारसं वाचता येत नाही पण सरकारी शिक्का दिसला की तो कागद टाकायचा नाही हे तिचं पक्कं. सुट्टीवर घरी यायचो तेव्हा माझ्या बॅगेत जे काही असायचं ते ती काढून एका फाइलमध्ये ठेवायची आणि मला माहीतही नव्हतं. गेल्या वर्षी घर आवरताना ती फाइल निघाली. त्यात २००६ची ऑर्डर, एक पान, ९२वायवरून प्रायमरी ८८एम, लागू तारखेसकट. त्याच्याखाली गाडी चालवायच्या परवान्याचं रेकॉर्ड, त्याला फॉर्म ३४८ म्हणतात, कोणत्या गाड्या चालवल्या ते सगळं. मी तिथेच जमिनीवर बसलो. आईनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, चहा कर.

आता मी डीडी १४९ भरलाय. हा अर्ज आर्मीच्या रेकॉर्ड दुरुस्ती बोर्डाकडे जातो. नेव्ही आणि मरीनचं बोर्ड वेगळं, एअर फोर्सचं वेगळं, कोस्ट गार्डचं वेगळं, अर्ज तोच. बोर्डावर सिव्हिलियन लोक असतात. १९४६च्या आधी लष्करी रेकॉर्डमधली चूक सुधारायला काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, त्या एका माणसासाठी खास बिल आणायला लागायचं, ते थांबवायला कायद्याने ही बोर्डं आली. अर्जाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, माजी सैनिकांच्या संघटना फुकट मदत करतात, मला पण एका काकांनी केली जे स्वतः व्हिएतनामला होते. सैनिक हयात नसेल तर बायको किंवा वारस पण करू शकतात.

ह्या काकांनी माझा पहिला मसुदा वाचला आणि परत दिला. चार पानं होती, त्यात इराक होतं, कान होते, ती ट्रान्सपोर्ट कंपनी होती. ते म्हणाले हे सगळं खरं आहे पण बोर्डाला काय लिहून पाहिजे ते कुठे आहे? मग आम्ही एक ओळ केली. अकराव्या रकान्यात ८८एम, मोटर ट्रान्सपोर्ट ऑपरेटर, तीन वर्षं आठ महिने, असं जोडावं आणि ९२वायचा काळ त्याप्रमाणे कमी करावा. मग पुरावे, ऑर्डर, ३४८, त्या काळातले माझे इव्हॅल्युएशन रिपोर्ट ज्यात ड्रायव्हर लिहिलंय, आणि माझ्या तेव्हाच्या सार्जंटचं सहीचं पत्र. सगळ्याच्या कॉपी, मूळ कागद कधीच पाठवायचे नाहीत. बोर्ड सरकारी कागद बरोबरच आहे असं धरून चालतं, चूक दाखवायची जबाबदारी पूर्ण आपली, म्हणून प्रत्येक पुरावा कोणत्या वाक्यासाठी आहे ते लिहिलं.

एकच भीती आहे. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. मी तर कधीच मागे पडलोय. आणि बोर्डाचे निकाल वाचले तर ते बऱ्याचदा म्हणतात की तुम्ही सही केली त्या दिवशीच चूक दिसायला पाहिजे होती, म्हणजे घड्याळ सहीपासून चालू. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ही मुदत माफ करू शकतं, कायद्यातच तशी तरतूद आहे, आणि माझ्या अर्जात मी उशीर का झाला ते काही न लपवता लिहिलंय, की मला २०१० मध्ये कळलं होतं, मी तेव्हा गंभीरपणे घेतलं नाही आणि नंतर ऑर्डर माझ्याकडे नव्हती. खोटं लिहून काय मिळणार.

माझं मत विचाराल तर ही पद्धत बदलली पाहिजे. ज्या मुलाला उद्या घरी जायचंय त्याच्या हातात आज कागद देऊन सही घेऊ नये. कच्ची प्रत महिनाभर आधी घरी न्यायला द्यावी आणि अकराव्या, तेराव्या, चौदाव्या रकान्यात मेळ बसत नसेल तर कंप्युटरनेच अडवावं, ते काही अवघड नाही, माझ्या कागदावर तर तो घोळ नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

पण ते होईल तेव्हा होईल. ज्यांची मुलं तिकडे सैन्यात आहेत त्या आईवडिलांना माझं कळकळीनं सांगणं आहे की मुलगा सुटायच्या आधी फोनवर बोलाल तेव्हा जेवलास का विचारता तसं हे पण विचारा, की तुझा २१४ वाचलास का, अकराव्या रकान्यात तुझी सगळी कामं आहेत का, किती वर्षं किती महिने ते बरोबर आहे का. एमओएस बदललाय का, त्याची ऑर्डर कुठे आहे. प्रत्येक ऑर्डरचा फोटो काढून घरी पाठवायला सांगा आणि तुम्ही तो जपा, मुलं जपत नाहीत, मी जपली नव्हती. चूक दिसली तर सही न करता दुरुस्त करून मागायचा त्याला हक्क आहे. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. आणि जे सुटून दहा दहा वर्षं झाली आहेत त्यांनीही आज कपाट उघडून तो कागद काढा आणि फक्त एवढाच रकाना वाचा.

माझा अर्ज जाऊन चार महिने झाले. कायद्याने बोर्डाला बहुतेक अर्ज दहा महिन्यांत आणि कुठलाही अर्ज जास्तीत जास्त अठरा महिन्यांत निकाली काढायचे असतात. नकार आला तर नवीन पुरावा जोडून पुनर्विचार मागता येतो, आणि त्या पंधरा महिन्यांत माझ्या शेजारच्या सीटवर जो बसायचा त्याला मी शोधून काढलंय, तो लिहून द्यायला तयार आहे.

नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक माजी सैनिक, ८८एम